राजा आजारी पडला की त्याचा रिपोर्ट कोणाचा?

गोदाकाठचा_गप्पिष्ट

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा सकाळचा कट्टा आहे. चालणं कमी, बाकावर बसणं जास्त. परवा विषय निघाला इंग्लंडच्या तिसऱ्या चार्ल्सचा. एकाने मोबाइलवर त्याच्या बोटांचा फोटो मोठा करून दाखवला, "सूज बघा, किडनी आहे." दुसऱ्याने हृदय सांगितलं. तिसरे बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी तर किती वर्षं शिल्लक आहेत तेही काढून दिलं.

५ फेब्रुवारी २०२४ ला बकिंगहॅम पॅलेसने राजाला कॅन्सर झाल्याचं जाहीर केलं. कुठला ते मात्र सांगितलं नाही, प्रोस्टेटचा नाही एवढंच म्हणाले. कट्ट्याचं म्हणणं, लोकांच्या पैशावर जगतात तर पूर्ण सांगायला काय होतं? माझं मत उलटं. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने आजारी आहे, उपचार चालू आहेत, काम कमी करतोय एवढं सांगितलं की पुढचं त्याचं आणि त्याच्या डॉक्टरचं.

तुम्हाला काय वाटतं? राजेच हवेत असं नाही. आपले नेते, घरातले म्हातारे, सगळं चालेल.

तर्रीबाज

किडनीवाल्या काकांची ओपीडी किती वाजता उघडते? सासऱ्यांचे पाय सुजलेत, फोटो पाठवतो.

सिडकोवाला

धागाकर्त्यांशी असहमत. राजा म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा पेन्शनर नव्हे. तिकडे त्याच्या संमतीशिवाय संसदेचं विधेयक कायदा होत नाही, पंतप्रधान दर आठवड्याला त्याला भेटायला जातो. पद सार्वजनिक, पगार सार्वजनिक, राजवाड्याची डागडुजीसुद्धा सरकारी पैशातून. आणि आजार तेवढा खासगी? आमच्या कंपनीत दोन दिवस रजा टाकली तरी मेडिकल सर्टिफिकेट मागतात राव.

डॉ_सिन्नरकर

फोटो बघून निदान करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. बोटं सुजायची कारणं डझनभर असतात, त्यातली निम्मी किरकोळ.

पण चार्ल्सने एक चांगलं केलं, ते इथे सांगायला हवं. त्याच वर्षी १७ जानेवारीला पॅलेसने आधी प्रोस्टेट वाढल्याचं जाहीर केलं होतं. त्या दिवशी एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) वेबसाइटवर वाढलेल्या प्रोस्टेटचं पान बघणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या जवळपास अकरापट झाली. माझ्याकडे येणारे पुरुष पेशंट रात्री चार-चार वेळा उठतात, पण बायकोने ढकलत आणल्याशिवाय येत नाहीत. आले तरी आधी ॲसिडिटीचं बोलतात, आणि दाराची मूठ धरून निघताना "अजून एक होतं मॅडम..." राजाने लघवीच्या तक्रारीचं नाव घेतलं तर अशांना हायसं वाटतं.

मग कॅन्सर कुठला तेही सांगावं का? तिथे मी गप्पिष्टकाकांच्या बाजूने. प्रकार सांगितला की स्टेज विचारणार, स्टेज सांगितली की पाच वर्षांचे टक्के. नातेवाईक मला केबिनमध्ये विचारतात, "मॅडम, टक्केवारी सांगा." पेशंट समोर बसलेला असतो.

इतिहासाचा_किडा

सिडकोवाले, लोकांना कळवण्याच्या घाईत काय होऊ शकतं त्याचा नमुना याच घराण्यात आहे. चार्ल्सचे पणजोबा पाचवे जॉर्ज.

जानेवारी १९३६. राजा सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात अंथरुणाला खिळलेला. बाहेर जनता बुलेटिनची वाट बघतेय. राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी २० तारखेच्या रात्री मजकूर लिहिला, राजाचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे चाललं आहे अशा अर्थाचा. रेडिओवरून तो देशभर गेला. लोकांना वाटलं, किती मोकळेपणाने सांगताहेत!

पुढचं कळायला पन्नास वर्षं लागली. १९८६ मध्ये डॉसनच्या खासगी नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की अकराच्या सुमारास आपण मॉर्फिन आणि कोकेन टोचून शेवट लवकर आणला. कारणांमध्ये एक कारण हे की बातमी आधी सकाळच्या भारदस्त पेपरात यावी, दुपारच्या हलक्याफुलक्या पेपरांत नव्हे. बायकोला लंडनला फोन करून 'द टाइम्स'ला छपाई थोडी थांबवायचा निरोपही दिला होता. राजा मध्यरात्रीच्या पाच मिनिटं आधी गेला.

म्हणजे बुलेटिन निघत होती, लोक ऐकत होते, आणि मुख्य गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

तर्रीबाज

डेडलाइन शब्दाचा एवढा शब्दशः अर्थ कुठल्याच संपादकाने घेतला नसेल.

जुना_उपसंपादक

किडा यांची गोष्ट खरी आहे, आणि पेपरात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ती जास्तच बोचते. मोठा माणूस आयसीयूत गेला की आमच्याकडे दोन कामं सुरू व्हायची. एकजण हॉस्पिटलात ओळखीचा वॉर्डबॉय शोधायचा, दुसरा जुनी पाकिटं काढून मृत्युलेख लिहायला बसायचा. जिल्ह्याच्या आवृत्त्या आधी सुटायच्या, त्यामुळे "आहेत की गेले" याचा निर्णय रात्री दहाला हवा असायचा. माणूस तगला की लेख पुन्हा पाकिटात. काही काही लेख पाच-सहा वर्षं तसेच पडून असत, मधूनच कुणीतरी वय दुरुस्त करायचं.

घाईवरून जयप्रकाश नारायण आठवले. मार्च १९७९, जेपी मुंबईत जसलोकमध्ये. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. कामकाज तहकूब, रेडिओवर शोकसंगीत. आम्हाला शाळेतून सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर आम्ही खूश होतो. जेपी जिवंत होते! ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. पंतप्रधानांकडेच चुकीची माहिती, तर कट्ट्यावरच्या काकांना काय बोलणार?

सुमनमावशी_पंचवटी

राजाचं सोडा रे. इथे माणसाला साधं मूळव्याधीचं ऑपरेशन गुपचूप करता येत नाही.

आमच्या यांची तपासणी होती एका खासगी हॉस्पिटलात. काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली आणि माइकवर बोलावं तसं नाव, वय, आजार सगळं वाचलं. "काका, ते पाइल्सचे तुम्हीच ना?" मागे रांगेत आमच्याच सोसायटीतले दोघे. यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून खिचडी आली, एका घरून इसबगोल, आणि एकाने कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला. प्रेमाने दिलं हो, नाही म्हणत नाही. पण हे महिनाभर जिन्याने उतरायचे, लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून.

आणि भेटायला येणारे! पलंगाच्या पायथ्याला टांगलेला तक्ता काढून वाचतात. कळत काही नाही, पण मान डोलवतात.

तर्रीबाज

मावशी, तक्ता वाचून झाल्यावर "आमच्या भाच्याला सेम हेच होतं... वारला बिचारा" हे सांगणारा राहिला.

सुमनमावशी_पंचवटी

तो पहिल्याच दिवशी येऊन गेला.

माजी_सिस्टर

नाशिकरोडला आणि इतरत्र मिळून बरीच वर्षं वॉर्डात काढली. व्हीआयपी पेशंट आला की सगळ्यात जास्त चुळबूळ बाहेरच्यांची नसते, आमच्या स्टाफचीच असते. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी "सहज" तिसऱ्यावर येते. एक्स-रेवाला विचारतो, काय निघालं? आम्ही पडदा लावला की पडद्याच्या फटीतून बघतात.

लंडनमध्येही तेच झालं. २०२४ मध्ये चार्ल्स आणि त्याची सून केट एकाच सुमारास एकाच हॉस्पिटलात होते. नंतर बातमी आली की केटची फाइल उघडायचा प्रयत्न स्टाफपैकीच कुणी केला असावा. चौकशी लागली.

आणि २०१२ चं विसरू नका. केटला पहिल्या वेळी दिवस गेले होते, उलट्यांमुळे ॲडमिट होती. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओवाल्यांनी राणीचा आवाज काढून फोन केला, एका नर्सने विश्वास ठेवून तो वॉर्डात जोडून दिला. जगभर हशा. ती नर्स आपल्याकडची, भारतीय वंशाची होती. काही दिवसांत तिने जीव दिला. त्या फोनमधून लोकांना कळलं काय, तर पेशंटला रात्री झोप लागली.

सिडकोवाला

सिस्टर, ते वाईटच. पण चोरून फाइल बघणं वेगळं आणि अधिकृतपणे सांगणं वेगळं. माझा मुद्दाच तो आहे. तुम्ही नीट सांगितलं असतं तर फटीतून कुणाला बघायचंय?

आपल्याकडचं जयललितांचं घ्या. २२ सप्टेंबर २०१६ ला ॲडमिट, ५ डिसेंबरला गेल्या. पंच्याहत्तर दिवस एक फोटो नाही. मंत्री बाहेर येऊन सांगायचे, अम्मांनी इडली खाल्ली. पुढच्या वर्षी त्यातल्याच एका मंत्र्याने जाहीर सभेत कबूल केलं की इडलीचं खोटं बोललो, आम्हाला कुणी भेटूच दिलं नव्हतं. मग चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल यायला २०२२ उजाडलं. मुख्यमंत्री शुद्धीवर आहे की नाही हे साडेसात कोटी लोकांना कळू नये?

गोदाकाठचा_गप्पिष्ट

सिडकोवाले, मुख्यमंत्री आणि राजा एका मापाने मोजू नका. मुख्यमंत्री निर्णय घेतो. राजा सही करतो, तीही मंत्रिमंडळ सांगेल तिथे.

शिवाय वाजपेयींकडे बघा. २००९ च्या पक्षाघातानंतर ते जवळजवळ दिसलेच नाहीत. २०१५ मध्ये राष्ट्रपतींनी घरी जाऊन भारतरत्न दिलं, त्या फोटोतही त्यांचा चेहरा दिसत नाही. कुणी बोंब मारली? सत्ता सोडलेली होती, लोकांनी समजून घेतलं.

सिडकोवाला

तेच म्हणतोय मी. त्यांनी सोडलेली होती. चार्ल्सने सोडलीय का?

जपानी_जावई

जपानच्या हिरोहितोंचा उल्लेख अजून कसा नाही? सप्टेंबर १९८८ मध्ये सम्राटांना रक्ताची उलटी झाली आणि तिथून ७ जानेवारी १९८९ पर्यंत टीव्हीवर रोज आकडे. ताप, नाडी, रक्तदाब, किती रक्त चढवलं. माझ्या सासूबाई तेव्हा ओसाकात नोकरीला होत्या. त्या सांगतात, ऑफिसात गेल्यावर लोक हवामानाच्या आधी सम्राटांचा रक्तदाब बोलायचे.

देशभर लोकांनी आपण होऊन जत्रा रद्द केल्या, लग्नाच्या मेजवान्या आवरल्या. एका मोटारीच्या जाहिरातीत गायक खिडकीची काच खाली करून विचारतो, "सगळे बरे आहात ना?" कंपनीने त्याचा आवाज काढून टाकला. मग टीव्हीवर नुसते ओठ हलायचे.

आणि एवढे आकडे देऊन कॅन्सर हा शब्द डॉक्टरांनी सम्राट गेल्यावरच उच्चारला. खुद्द सम्राटांनाही सांगितलं नव्हतं. तेव्हा सिडकोवाले, "अधिकृतपणे सांगणं" म्हणजे खरं सांगणं असतंच असं नाही.

निफाडकर

पेशंटलाच सांगितलं नव्हतं हे वाचून थबकलो.

आमच्या आजोबांना घशाचा कॅन्सर होता. सगळ्या गावाला माहीत, फक्त आजोबांना नाही. "टॉन्सिल वाढलंय" असं ठरलेलं उत्तर. द्राक्षाचा हंगाम होता, व्यापारी बागेत यायचे आणि बांधावर वडिलांना हळू आवाजात विचारायचे. आजोबा पडवीतून ओरडायचे, "काय रे, भाव पाडतोय का तो?" शेवटी त्यांनी आपण होऊन सात-बारा, बँकेची पासबुकं, कुणाकडून किती येणं आहे ते सगळं वडिलांना समजावून सांगितलं. टॉन्सिलवाला माणूस असं करत नाही. त्यांना कळलं होतं. पण आमच्यापैकी एकानेही त्यांच्याशी मोकळं बोलायची हिंमत केली नाही, ते आजही सलतं.

डॉ_सिन्नरकर

निफाडकर, हे आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर घडतं. मुलगा आधी आत येतो, "मॅडम, बाबांसमोर नाव घेऊ नका." मग बाबा एकटे येतात, "डॉक्टर, पोरांना सांगू नका, घाबरतील."

चार्ल्सच्या आजोबांचं, म्हणजे सहाव्या जॉर्जचं तसंच झालं. सप्टेंबर १९५१ मध्ये डावं फुप्फुस काढलं. बुलेटिनमध्ये "रचनेत बदल" अशा छापाची भाषा होती, कॅन्सर हे नाव त्यांनाही सांगितलं नव्हतं. ६ फेब्रुवारी १९५२ ला झोपेत गेले, मुलगी केनियात. त्या मानाने चार्ल्स बराच पुढे आला म्हणायचा. आजाराचं नाव घेतलं आणि स्वतः घेतलं.

कॉलेजरोडची_कार्टी

सगळे पुरुषांबद्दलच बोलताय. केटने जानेवारी ते मार्च २०२४ फक्त विश्रांती घेतली तर इंटरनेटने तिला गायब केलं, घटस्फोट लावला, डुप्लिकेट बाई उभी केली. मदर्स डेचा फोटो एडिट केलेला निघाला, झालं, आगीत तेल. शेवटी बाकावर बसून कॅन्सर झाल्याचं सांगावं लागलं. मुलांना समजावून सांगायला वेळ हवा होता म्हणाली. तेवढाही दिला नाही आपण. हो, आपण. माझ्या हॉस्टेलच्या ग्रुपवर त्या डुप्लिकेटचे मीम मीही फॉरवर्ड केलेत.

वकीलसाहेब_नाशिक

थोडं कायद्याचं. सिडकोवाल्यांचा खरा प्रश्न "राजा काम करू शकतो का" हा आहे, "कुठला अवयव" हा नाही. या प्रश्नाला ब्रिटनमध्ये १९३७ चा रिजन्सी ॲक्ट आहे. राजाची पत्नी (राणी असेल तर पती), लॉर्ड चॅन्सेलर, कॉमन्स सभागृहाचे सभापती, लॉर्ड चीफ जस्टिस आणि मास्टर ऑफ द रोल्स (हेही एक वरिष्ठ न्यायाधीश), या पाचांपैकी तिघांनी डॉक्टरांच्या पुराव्यासह लेखी दिलं की राजा अक्षम ठरतो आणि रीजंट, म्हणजे त्याच्या वतीने कारभार बघणारा, येतो. तात्पुरत्या आजारासाठी कौन्सिलर्स ऑफ स्टेट, म्हणजे राजाची कामं करणारे प्रतिनिधी, नेमता येतात. चार्ल्सने २०२४ मध्ये तेही नेमले नाहीत, कागदपत्रं आणि पंतप्रधानांच्या भेटी चालू ठेवल्या, फक्त जाहीर कार्यक्रम एप्रिलअखेरपर्यंत थांबवले.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. मावशी, काउंटरवर आजार मोठ्याने वाचणं त्यात बसत नाही. लेखी तक्रार करा, मी मसुदा देतो.

सुमनमावशी_पंचवटी

वकीलसाहेब, तक्रारीत आजाराचं नाव लिहावं लागेल ना? मग राहू दे.

तर्रीबाज

😂😂 मावशींना मानाचा फेटा.

सिडकोवाला

वकीलसाहेब, त्या पाचांत एक बायको आणि बाकीचे सगळे खुर्चीवाले. कोण पुढे होऊन लिहून देणार? कागदावर कायदा छान आहे.

इतिहासाचा_किडा

सिडकोवाल्यांचा हा मुद्दा मात्र बिनतोड. गादी रिकामी होणार असं दिसलं की भोवतालचे लोक बातमीचाच ताबा घेतात. ३ एप्रिल १६८० ला महाराज रायगडावर गेले, संभाजीराजे पन्हाळ्यावर. बातमी त्यांच्यापर्यंत जाऊ नये अशी खटपट गडावर झालीच. कुणाला कधी कळतं यावर राज्य कुणाचं ते ठरणार होतं.

धाग्यात नाशिक कमी पडतंय म्हणून: थोरले माधवराव राजयक्ष्म्याने (क्षयाने) थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, वय सत्तावीस. त्यांची आई गोपिकाबाई कारभारातून बाजूला होऊन आपल्या गंगापूरला राहायला आल्या होत्या. आणि ज्या काकांशी माधवराव आयुष्यभर झगडले त्या राघोबांची आनंदवल्ली त्याच रस्त्यावर, थोडी अलीकडे. पेशव्यांच्या तब्येतीची खबर घेऊन येणारा जासूद कुठल्या वाड्यावर आधी वळत असेल, हा विचार गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की हटकून येतो.

जुना_उपसंपादक

माझ्या मते यातून सुटायचा सरळ रस्ता डेन्मार्कच्या राणी मार्गरेथेने दाखवला. पाठीचं मोठं ऑपरेशन झालं, विचार केला, टीव्हीवर सांगितलं आणि १४ जानेवारी २०२४ ला मुलाला गादी देऊन मोकळी झाली. जपानच्या अकिहितोंनीही २०१६ मध्ये वय झाल्याचं व्हिडिओवर बोलून दाखवलं आणि २०१९ मध्ये गादी सोडली. उलट नॉर्वेचे हाराल्ड. मलेशियात सुट्टीवर आजारी पडले, तिथे तात्पुरता पेसमेकर, घरी येऊन कायमचा. गादी सोडणार का विचारलं तर म्हणे शपथ आयुष्यभराची आहे.

सिडकोवाला

बरं, तडजोड सांगतो. अवयव नको, स्टेज नको. पण ठरावीक काळाने बाहेरच्या डॉक्टरचं एका ओळीचं पत्र, "काम करण्यास सक्षम". पायलटला लागतं, एसटीच्या ड्रायव्हरला लागतं.

डॉ_सिन्नरकर

चालेल की. फक्त एक सांगते, त्या एका ओळीचाही कीस पाडतील. ६ सप्टेंबर २०२२ ला चार्ल्सच्या आईने, राणी एलिझाबेथने, स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला लिझ ट्रसला पंतप्रधान नेमलं, हसतमुख, काठी टेकून उभी. त्या दिवशी कुणी पत्र मागितलं असतं तर "सक्षम" हेच आलं असतं. जगाने बघितला तिचा काळानिळा पडलेला हात. दोन दिवसांनी, ८ तारखेला, ती गेली. दुपारी ३:१० ला गेली, जाहीर झालं तिथले साडेसहा वाजता, आपल्याकडे रात्री अकराला. दाखल्यावर कारण एकच, "वार्धक्य".

सिडकोवाला

हे बघा, शेवटपर्यंत लपवलं. वार्धक्य हे काय कारण झालं?

सुमनमावशी_पंचवटी

शहाण्णव वर्षांची होती रे ती. अजून काय कारण पाहिजे तुला?

सिडकोवाला

मान्य मावशी. पण नेमकं काय झालं होतं?